तिरपी रेघ

कोबान्याच्या बाजारात, लोखंडी कंटेनरांच्या तिसऱ्या रांगेत
लुआचं दुकान. एक शिवणयंत्र, दोन बल्ब,
बटणांनी भरलेला बिस्किटांचा डबा.
लुआ म्हणजे रेशीम. नाव रेशीम, आयुष्य गेलं सुतात.
गिऱ्हाईक येतं, कोट काउंटरवर टाकतं,
आणि म्हणतं, "हात…"

बुडापेस्टमध्ये वाक्य थेट आत शिरत नाही.
आधी हा शब्द, उंबऱ्यावर पाय पुसल्यासारखा.
हात, बघू या. हात, काय करणार. हात, महागच की.
आपण 'त्याचं काय आहे' म्हणून घसा साफ करतो, तसं.

हे तिला एकोणिसाव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं.
नामदिन्हच्या गिरणीतून ती इथल्या गिरणीत आली
तेव्हा दुभाष्या तापाने पडला होता.
पहिल्याच पाळीला मुकादमीण एतेल्का नेनी
समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली,
"हात?"

लुआच्या भाषेत याचा अर्थ : गा.
सूर जरा खाली लागला होता,
पण परक्या बाईचा सूर कोण धरणार.
नव्या मुलीला गायला लावत असतील, इथली रीत असेल.
तिने डोळे मिटले
आणि धाकट्या भावाला निजवायचं गाणं म्हटलं.
नेनीने एक माग बंद केला. मग शेजारचा.
गाणं संपलं.
"हात…!" नेनी म्हणाली, पदराऐवजी बाहीने डोळे पुसत.
लुआने दुसरं सुरू केलं.

नातू विद्यापीठात भाषा शिकतो.
तो म्हणतो, आजी, हे शब्द सख्खे नाहीत, चुलतही नाहीत,
एकाच आडनावाची दोन अनोळखी माणसं.
वेंडेल मास्तर, ज्यांची पँट दर वर्षी सैल होते,
त्यांना हे पटत नाही.
त्यांच्या मते सगळं घोड्यावरून आलं, पूर्वेकडून,
आणि एखादा शब्द वाटेत उतरून
विरुद्ध दिशेला चालत गेला असेल.
पाणी प्यायला, असंही ते म्हणतात.

मला मूळ ठाऊक नाही. मी फक्त पावतीवर पाहिलं,
तीच तीन अक्षरं, आणि मधल्यावर तीच तिरपी रेघ.
इथे ती ठेवली की स्वर लांबतो, आडवा होतो, पाय पसरतो.
तिकडे ठेवली की जिना चढतो
आणि वरच्या पायरीवर खटकन थांबतो.

आणि हाच शब्द इथे पाठ.
शरीराची, जी आपली आपल्याला दिसत नाही ती.

नेनी आता अठ्ठ्याऐंशीची. चौथा मजला, लिफ्ट बंद.
रविवारी लुआ जाते,
वाघाचं चित्र असलेली बामची डबी घेऊन.
"हात," नेनी म्हणते आणि पालथी होते.
तर? पाठ? गा?
लुआ विचारत बसत नाही. एकाच वेळी तिन्ही करते.
मी ज्या भाषेत हे लिहिते आहे तिचा अर्थ
तिथे आधीच होता, कोपरापर्यंत बामने माखलेला,
मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरत.

नेनी घोरू लागते. डबी बंद. चहाची कपबशी विसळलेली.
जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबून
लुआ नामदिन्हला फोन लावते.
तो धाकटा भाऊ, आता स्वतःच आजोबा, झोपेतून उठतो.
काय सांगायचं होतं ते तिला आठवत नाही.
चाळीस वर्षांत लागलेली सवय तोंडातून निघते :
"हात…"

"आत्ता?" तो म्हणतो. "रात्रीचा एक वाजलाय, ताई."

मग अंथरुणात कूस बदलल्याचा आवाज.

"बरं, म्हण."